फील्ड टेस्टच्या खोलीत मी बोलले

"काकू, पिवळ्या दिव्याकडेच बघा. डोळा हलतोय तुमचा."

"माझाच आहे, मला नाही का कळत?" कुंदाकाकू मशीनमध्ये तोंड घालून म्हणाल्या. आवाज घुमला.

मशीन पुन्हा वाजलं. माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली. पाच मिनिटांत चौथ्यांदा. पेशंटची नजर मधल्या दिव्यावर टिकली नाही की मशीन असं ओरडतं, आणि फार वेळा ओरडलं की ती टेस्ट धरायची नाही. आमच्याकडे अशा टेस्टला सरळ ‘खराब’ म्हणतात. मी ती संपू दिली. स्क्रीनवर चित्र आलं. खालच्या बाजूला, नाकाकडे, काळा डाग होता. चार महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं.

मी तो डाग पाहिला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाहिला, आणि मनात म्हटलं, काकू आज दमल्यात.

मी शनिवार पेठेजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात फील्ड टेस्ट काढते. फील्ड म्हणजे नजरेचा पसारा. समोर बघत असताना वर, खाली, बाजूला जे काही दिसतं ते सगळं. तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणजे डोळा चांगला, असं लोकांना वाटतं. तक्ता फक्त मधलं मोजतो. डोळ्याच्या नसेचं दुखणं असलं तर पुष्कळदा मधलं शाबूत राहतं आणि बाजूचं जायला लागतं, आणि माणसाला पत्ता नसतो.

टेस्ट अशी असते. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घमेल्यासारखं मशीन. त्यात हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. घमेल्यात कुठेतरी बारीक दिवा लुकलुकतो. कधी ठळक, कधी अगदी पुसट. दिसला की बटण दाबायचं. नाही दिसला तर गप्प बसायचं. एका डोळ्याला सहा-सात मिनिटं. मी मागे स्क्रीनपाशी बसते. दिवा कुठे लागला ते मला दिसतं.

ऐकायला सोपं आहे. पण म्हातारी माणसं त्या अंधारात पेंगतात. काहींना वाटतं ही परीक्षा आहे आणि आपण नापास होतोय. एका आजोबांनी तर मध्येच मला विचारलं होतं, "किती मार्क पडले?"

मी मूळची गोंदिया जिल्ह्यातली. शाळा नववीत सुटली. पुण्यात दादा कंपनीत होता. त्याच्याकडे वारज्याला राहायला आले आणि या दवाखान्यात फरशी पुसायला लागले. मग फाइली लावायला. कोणत्या पेशंटची फाइल कुठे, हे माझ्या लक्षात राहायचं. एक दिवस फील्ड काढणारी मुलगी लग्न करून गेली. मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टर, म्हणाल्या, "सुनीता, तू शिकतेस का?" मी म्हटलं, "हो जी." आमच्याकडे प्रत्येक वाक्याला ‘जी’ लागतो. इथे सगळे हसायचे.

मॅडमनी स्वतः शेजारी बसून शिकवलं. इंग्रजी शब्द मराठीत लिहून दिले. ती वही अजून माझ्याकडे आहे. दवाखान्यात बाकी सगळे डिग्रीवाले. प्रत्येक नवीन माणूस आला की मला वाटायचं, आता मॅडम म्हणणार, उद्यापासून हा फील्ड काढेल, तू पुन्हा फरशीवर जा. त्यांनी असं कधी म्हटलं नाही. तरी भीती होतीच. ती भीती आणि मॅडमच्या उपकारांची जाणीव या दोन्ही मिळून मी काम करायचे. रिपोर्ट स्वच्छ यायला पाहिजे, एवढंच डोक्यात.

खराब रिपोर्टवर मॅडम चिडायच्या. "हा रिपोर्ट आहे की ठिपक्यांची रांगोळी? यावरून मी काय औषध देऊ?" म्हणून दवाखान्याचा नियम होता: टेस्ट खराब आली तर पेशंटला थोडा आराम द्यायचा, पुन्हा काढायची, आणि खराब टेस्ट मशीनमधून उडवायची. ती राहिली तर जुन्या-नव्या टेस्ट जोडून जो आलेख येतो तो बिघडतो.

आणि माझी स्वतःची एक युक्ती होती. ती कुणी शिकवली नव्हती.

आमच्या गावाकडे गोष्ट सांगणारा असला की ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार द्यायचा असतो. "हं... हं..." हुंकार थांबला की सांगणारा पण थांबतो. घरी आजा गोष्ट सांगायचा तेव्हा हुंकार देणारी मी. तीच सवय. पेशंट पेंगायला लागला की मी मागून हलकेच "हं" म्हणायचे. आधी जागं करायला म्हणून. मग कसं कोण जाणे, स्क्रीनवर दिवा लागलेला दिसला की माझ्या तोंडून "हं" निघायला लागलं. म्हातारे पेशंट नीट दाबायला लागले. मशीन ओरडेनासं झालं. मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनीताचे रिपोर्ट बघा. किती स्वच्छ." त्या दिवशी मी घरी आईला फोन केला होता.

आता कुंदाकाकू. वय साठीच्या आत-बाहेर, लग्न केलेलं नाही, राहायला दवाखान्यापासून चार गल्ल्या पलीकडे. त्या मोडी वाचतात. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, इनामाचे कागद. पुण्याच्या आजूबाजूची जी गावं आता शहरात आली तिथली जमीनवाली माणसं पिशवीत कागद घालून त्यांच्याकडे येतात. कागदात पणजोबाचं नाव निघालं तर जमीन, नाही निघालं तर नाही. काकूंनी वाचून दिलेलं कोर्टात चालतं. त्या मला नावाने हाक मारत नसत.

"काय गोंदिया, आज किती दिवे लावणार?"

"जितके लागतील तितके, जी."

"जी जी काय करतेस, हिंदी बातम्या देतेस का?"

असं चालायचं. पण मला पुण्यात पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं ते त्यांनीच. तेव्हा दादाची बदली झाली होती आणि मी एकटी होते.

त्यांच्या उजव्या डोळ्याच्या नसेला गाठ होती. नस म्हणजे डोळ्यातलं चित्र मेंदूकडे नेणारी वायर. गाठ त्या वायरच्या वरच्या कव्हरला धरून. कॅन्सरची नव्हती, पण कापायला जावं तर वायर तुटते. म्हणून मोठ्या हॉस्पिटलमध्ये रेडिएशन दिलं. रोज थोडं थोडं, पाच-सहा आठवडे. गाठ वाढायची थांबली, नजर टिकली. डावा डोळा लहानपणापासूनच कमजोर, त्यातून तक्त्याचं सर्वांत वरचं अक्षर जेमतेम. म्हणजे काकूंचा सगळा कारभार या एका उजव्या डोळ्यावर.

रेडिएशनची गंमत अशी की ते उशिरा बोलतं. मॅडमनी काकूंना माझ्यासमोरच सांगितलं होतं. "वर्षाने, दीड वर्षाने, कधी तीन वर्षांनीसुद्धा नसेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडायला लागतात. बहुतेकांना होत नाही. पण झालं तर दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि सुरुवातीला मी आत बघितलं तरी मला सगळं ठीकच दिसतं. तेव्हा दर चार महिन्यांनी फील्ड. चुकवायचं नाही."

"म्हणजे तुम्हालाही दिसणार नाही आणि मलाही," काकू म्हणाल्या. "मग दिसणार कुणाला?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "हिला."

स्क्रीनवर तो काळा डाग आला त्या दिवशी रेडिएशनला दीड वर्ष झालं होतं.

डाग दिसल्यावर मी काकूंना बाहेर बसवलं, चहा दिला. त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "हल्ली कागदांना कसर फार लागते गं. खालच्या ओळी खाऊन टाकल्यात मेल्यांनी. वरचं वाचते आणि खाली बघते तर अर्धं गायब."

मी म्हटलं, "डांबराच्या गोळ्या ठेवा की, काकू."

त्या म्हणाल्या, "ठेवते."

डागसुद्धा खालीच होता. मी दोन आणि दोन चार केले नाहीत. कसर जुने कागद खाते हे मलाही माहीत होतं.

चहानंतर पुन्हा बसवलं. या वेळी मी पहिल्यापासून "हं" म्हणत गेले. दिवा लागला, हं, त्यांनी दाबलं. दिवा लागला, हं, दाबलं. मधेमधे मशीन मुद्दाम दिवा न लावता थांबतं, पेशंट उगाच दाबतोय का ते बघायला. तेव्हा मी गप्प, म्हणून त्याही गप्प. दिवा शोधावा लागत नसल्याने नजरही हलेना, मशीनला शंका यायला जागाच नव्हती. रिपोर्ट स्वच्छ आला. पहिली टेस्ट मी नियमाप्रमाणे उडवली.

तक्ताही त्यांनी जवळजवळ पूर्ण वाचला. मॅडमनी डोळ्यात थेंब घालून आत बघितलं. सगळं ठीक. माझा रिपोर्ट बघितला. "उत्तम. चार महिन्यांनी या."

"चार महिने सुटका," काकू म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या.

पाच आठवड्यांनी त्या आल्या. सोबत वारज्याचे तात्या. तात्या म्हणजे त्यांचे कागदवाले गिऱ्हाईक, पांढरा सदरा, मोठी गाडी. काकूंचा दंड धरून त्यांनी आत आणलं. काकूंनी कुणाला दंड धरू दिलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

तात्याच बोलले. "अवो डाक्टर, ताई म्हनल्या, कागुद कसरीनं खाल्लाय, खालचं वाचता येत न्हाय. म्या म्हनलं, ताई, ह्यो कागुद न्हवंच. ह्यो पोरानं कालच काढल्याला झेराक्स हाय. कोरा करकरीत. ह्याला कुटली कसर?"

"मग मी माझ्या हाताकडे बघितलं," काकू म्हणाल्या. "समोर बघत असताना मला माझा हात दिसत नाही. खाली टेकवलेला. पूर्वी दिसत असणार."

मॅडमनी लाल झाकणाची बाटली घेतली. हे झाकण दाखवणं डॉक्टरांची जुनी पद्धत आहे. नस बिघडली की लाल रंग आधी फिका पडतो. "हा रंग कसा दिसतो?"

"विटेसारखा. जुन्या विटेसारखा."

"फील्ड," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. मी पण येते."

मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. टेस्ट सुरू झाली. दिवा लागला. मी गप्प. पुढचा लागला. मी गप्प. काकूंच्या हातातलं बटण वाजेना. तेव्हा मला एक गोष्ट कळली. मॅडम खोलीत असताना मी कधीच "हं" म्हटलेलं नव्हतं. चार वर्षांत एकदाही नाही. म्हणजे ते करू नये हे मला माहीत होतं.

चित्र आलं. खालचा सगळा अर्धा काळा. वरच्या बाजूलाही काळं चढत चाललेलं, मधल्या ठिपक्याच्या अगदी कडेपर्यंत.

मॅडमनी फाइलमधला पाच आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट काढून शेजारी धरला. स्वच्छ, पांढरा. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून बघितले.

"हे असं एकदम?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रेडिएशनचं इतक्या झपाट्याने... की नसेचा रक्तपुरवठाच अचानक तुटला?"

त्यांनी काकूंना एमआरआयला पाठवलं. त्यासोबत हृदयाची सोनोग्राफी, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, रक्ताच्या दहा चाचण्या. गुठळी कुठून आली का ते शोधायला. रेडिएशनच्या डॉक्टरांशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "नाही, नाही, पाच आठवड्यांपूर्वी पूर्ण नॉर्मल होतं. माझ्याकडे रिपोर्ट आहे."

माझा रिपोर्ट.

मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. काकू त्यांच्या भाच्यासोबत हृदयाच्या सोनोग्राफीच्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्याला कारण माझा कागद होता. मी बसमध्ये मनातल्या मनात वाक्य जुळवायचे आणि दवाखान्याची पायरी चढली की विसरायचे. आईचा फोन आला. "काहून वं, आवाज असा काहून येते?" मी म्हटलं, सर्दी झाली.

तिसऱ्या दिवशी एमआरआयचा रिपोर्ट आला. गाठ होती तेवढीच. पण नस सुजून चमकत होती, रेडिएशनमुळे बिघडलेली नस दिसते तशी. तरी मॅडम म्हणाल्या, "काळाचं गणित जुळत नाही. हृदयाच्या डॉक्टरांचं मत येऊ दे, मग उपचार ठरवू." तेव्हा मी केबिनमध्ये गेले आणि दार लावलं.

"मॅडम, गणित जुळते, जी. मीच जुळू नाही दिलं."

मी सगळं सांगितलं. डाग, चहा, "हं", उडवलेली टेस्ट. सांगताना मी रडले नाही, कारण मॅडमना रडणं आवडत नाही.

"डाग कुठे होता?"

मी कागदावर काढून दाखवला. खाली, नाकाच्या बाजूला, सुपारीएवढा.

"नक्की?"

"नक्की. विसरताच येत नाही."

त्यांनी तो कागद फाइलला टाचला. मग म्हणाल्या, "बाकी किती पेशंटना ‘हं’ केलंस?"

"म्हाताऱ्या सगळ्यांना."

मॅडम म्हणाल्या, "त्या सगळ्यांना फोन करायचे. पुन्हा बोलवायचं, फुकट. उद्यापासून."

"माझी नोकरी..."

"सुनीता, तुझ्या नोकरीचा विचार करायला मला आत्ता वेळ नाही." त्यांनी फोन उचलला. मग फोन हातात तसाच धरून म्हणाल्या, "आणि उडवायचा नियम माझा होता. तेही लिहून ठेवते."

त्याच संध्याकाळी काकू ॲडमिट झाल्या. आधी स्टेरॉइडचं सलाइन, सूज उतरवायला. मग रक्तवाहिन्यांची गळती थांबवणारी इंजेक्शनं. आणि ऑक्सिजन. जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन भरलेल्या बंद काचेच्या नळकांड्यात रोज दीड तास झोपायचं, म्हणजे उपाशी नसेपर्यंत थोडा तरी पोचतो. मॅडमनी काकूंना काही लपवलं नाही. "या तिन्हीतल्या कशाचीही खात्री नाही. काही जणांना उपयोग होतो. ज्यांना होतो ते बहुतेक लवकर आलेले असतात."

"आणि मी?"

"तुम्ही वेळेवर आला होतात," मॅडम म्हणाल्या. "आम्ही उशीर केला."

मी दारात उभी होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढचं मीच सांगायचं होतं.

ते मी ऑक्सिजनच्या चौथ्या दिवशी सांगितलं. काकू नुकत्याच त्या नळकांड्यातून बाहेर येऊन बाकावर बसल्या होत्या. "बरणीत लोणचं घालतात तसं घालतात गं," त्या म्हणाल्या. "मुरले की चव सांगते." मी खाली फरशीवर बसले आणि सांगितलं. सगळं. या वेळी रडले.

त्या ऐकत होत्या. तोंड माझ्याकडे नव्हतं, आणखी खाली होतं. त्यांना आता नजरेच्या फक्त वरच्या बाजूचंच दिसत होतं.

"म्हणजे मी तुझ्या ‘हं’वर पास झाले."

"हो."

"मला माहीत होतं."

मला कळेना.

"दिवा दिसत नव्हता. तू ‘हं’ म्हणायचीस, मी दाबायची. पहिल्या दोन-चार वेळा चुकून. मग कळून-सवरून." त्या पदराशी चाळा करत होत्या. "डॉक्टर ‘उत्तम’ म्हणतील एवढंच पाहिजे होतं मला. मोडी वाचणारी बाई मी. जे लिहिलेलं नाही ते वाचायचं नाही, असं मोडी शिकायला येणाऱ्या पोरांना तीस वर्षं शिकवलं."

मी म्हटलं, "तुम्ही नका असं म्हणू, काकू."

"का? तुला एकटीला सगळं श्रेय पाहिजे का?"

त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला अजूनही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. पण त्यांच्या त्या बोलण्याने माझं ओझं कमी झालं असं मी म्हणणार नाही. त्या घाबरल्या तर तो त्यांचा हक्क होता. डोळा त्यांचा जाणार होता. त्या घाबरतील हे धरूनच तर मागे कुणीतरी बसवलेलं असतं.

उपचार दोन महिने चालले. मधल्या काळात आम्ही जुन्या पेशंटना बोलवत होतो. मी स्वतः फोन करायचे. "तुमची टेस्ट पुन्हा काढायची आहे. नाही, तुमची चूक नाही. माझी चूक आहे." एक आजी म्हणाल्या, "तुझी चूक आणि हेलपाटा माझा?" बरोबरच होतं. सुदैवाने बाकी कुणाचं काही मोठं सुटलेलं निघालं नाही. मॅडमनी मला काढलं नाही. तीन महिने फील्डच्या खोलीत एकटं बसू दिलं नाही, एवढंच. डिग्रीवाली मुलगी शेजारी बसायची. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

काकूंची नजर परत आली नाही. जायची थांबली. वरच्या बाजूला एक पट्टी राहिली आहे, खिडकीच्या वरच्या फटीएवढी. मधलं बरंचसं गेलं. मान खाली घालून त्या फटीतून बघायला मॅडमनी त्यांना शिकवलं. जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी लावली. वाचायला मोठा स्क्रीन दिला, त्यावर अक्षर ताटाएवढं दिसतं. छापील मराठी त्यावर त्या एकेक शब्द करून वाचतात.

मोडी नाही जमत. मी त्यांना विचारलं होतं, अक्षर ताटाएवढं दिसतं तर मोडी का नाही? तेव्हा त्यांनी समजावलं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. ओळ सुरू झाली की लेखणी न उचलता सलग जाते. शब्द कुठे संपला ते पुढचं-मागचं बघूनच ठरवायचं. अख्खी ओळ एका नजरेत पाहिजे. स्क्रीनवर एका वेळी तीन अक्षरं येतात. "तीन अक्षरांत कुणाच्या बापाचं नाव आहे ते कसं सांगू?" तात्यांचे कागद आता दुसरीकडे जातात. तात्या अजून येतात, पण आंबेमोहोर तांदूळ द्यायला.

पाच आठवडे आधी उपचार सुरू झाले असते तर ती ओळ वाचली असती का? मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कदाचित. कदाचित नाही. कुणी सांगू शकणार नाही. आणि तूही स्वतःच्या सोयीचं उत्तर काढू नकोस."

आता दवाखान्यात खराब टेस्ट उडवत नाहीत. तीही छापायची आणि चांगलीच्या मागे लावायची. मॅडम अजूनही "ही काय रांगोळी" म्हणतात, पण दोन्ही बघतात. आणि टेस्ट चालू असताना खोलीत बोलायचं नाही. नवीन मुलींना मी शिकवते तेव्हा त्या विचारतात, पेशंट घाबरला तर धीर पण द्यायचा नाही का? मी सांगते, द्यायचा. सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर. मधली सात मिनिटं तुमचा चांगुलपणा कुणाच्या कामाचा नाही.

मागच्या आठवड्यात काकूंची फील्ड होती. डाव्या डोळ्याला पट्टी लावली, हातात बटण दिलं, हनुवटी टेकवली. खोलीतला दिवा बंद केला. स्क्रीनवर ठिपके लागत गेले. खाली. मध्ये. बाजूला. पुन्हा मध्ये. बटण वाजत नव्हतं. किती तरी दिवे असेच लागून विझले. काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग वरच्या कोपऱ्यात एक लागला आणि बटण वाजलं. मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

मी ओठ दाताखाली धरून बसले होते. सात मिनिटं पूर्ण झाली. मी रिपोर्ट छापला. मागच्या वेळेसारखाच होता, जवळजवळ सगळा काळा, आणि खरा.